काटकसरीची कसोटी

काटकसर हा सद्गुण होय, याविषयी आपल्या मध्यम वर्गात सहसा वाद होत नाही. एखाद्या घरी पैसा किती आहे यावरून नव्हे, तर आहे तो पैसा किती जपून वापरला जातो यावरून त्या घराची पारख करण्याची आपली जुनी रीत आहे. 'अंथरूण पाहून पाय पसरावे', 'थेंबे थेंबे तळे साचे' अशा म्हणी आपण मुलांस अक्षरओळखीबरोबरच शिकवितो. परंतु जो गुण इतक्या एकमताने मान्य होतो त्याची चिकित्सा करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही; आणि म्हणूनच ती एकदा करून पाहणे इष्ट आहे. काटकसर ही खरोखर नीतीची गोष्ट आहे, की केवळ हिशेबाची? ज्याने शंभर रुपयांचे काम साठ रुपयांत केले तो मनुष्य अधिक चांगला झाला, की फक्त चाळीस रुपयांनी अधिक श्रीमंत झाला? पैसा वाचविणे हाच सद्गुण मानला, तर कृपण मनुष्य सर्व सज्जनांचा मेरुमणी ठरेल; आणि तसे तर कोणीच म्हणत नाही. कृपण आणि काटकसरी यांत भेद आहे हे सर्वांस जाणवते. तो भेद नेमका कोठे आहे हे मात्र विचारल्यास चटकन सांगता येत नाही.

असा प्रश्न केवळ शब्दांच्या व्याख्या करून सुटावयाचा नाही. त्यास व्यवहारातील एखादे उदाहरण लागते. आम्ही मुद्दाम असे उदाहरण घेतो की ज्यात पैसा थोडा, वस्तू जुनी, जागा अपुरी आणि हौस मोठी आहे. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन विकत घ्यावयाची आणि थोडक्या खर्चात तिचे राहण्याजोगे फिरते घर बनवावयाचे, हे ते उदाहरण होय. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात. या उद्योगात मनुष्य आपले बिऱ्हाड चार चाकांवर मांडतो. न्यूझीलंड देशात हा उद्योग फार लोकप्रिय आहे, आणि तेथील सरकारास त्याविषयी कायदेही करावे लागले आहेत. सबब आपणही तेथलेच उदाहरण घेऊ.

मित्सुबिशी कंपनीची 'डेलिका' ही या कामी पुष्कळ जणांच्या पसंतीस उतरलेली गाडी. 'डिलिव्हरी कार' या दोन इंग्रजी शब्दांचा संक्षेप करून हे नाव बनविले आहे. म्हणजे १९६८ साली ती जन्मास आली तेव्हा माल पोचविणे एवढेच तिचे काम होते. १९८२ मध्ये तिच्या चारही चाकांना यंत्राची गती देण्याची सोय झाली, आणि १९९४ पासून 'स्पेस गिअर' या नावाची, अधिक ऐसपैस अशी तिची पुढील पिढी निघाली. जपान आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांत वाहने आपल्याकडल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडने आयातीवरचे निर्बंध सैल करताच, जपानात वापरून झालेल्या मोटारींचा त्या देशाकडे मोठा ओघ सुरू झाला. येणेप्रमाणे जपानातील एखाद्या कुटुंबाने वापरून टाकलेली गाडी दक्षिण गोलार्धात जणू दुसरा जन्म घेते. तिच्या मागील बाकड्या काढून तेथे फळ्यांचा पलंग, पलंगाखाली कप्पे, एका बाजूस लहानशी मोरी व चूल, आणि टपावर उन्हापासून वीज करणारा पत्रा बसविला की घर तयार झाले.

या कामात काटकसरीचा पहिला प्रकार दिसतो, तो जुन्या वस्तूस नवे काम देण्याचा. आपल्या घरांतील गोधडी हा याच जातीचा पदार्थ आहे. जीर्ण लुगड्यांचे थर एकावर एक घालून जी बाई त्यांस बारीक टाके घालते, ती केवळ कापडाचे पैसे वाचवीत नाही. टाकाऊ ठरलेल्या वस्तूत अजून किती ऊब शिल्लक आहे हे ती ओळखते. ही ओळख पैशाने विकत मिळत नाही, तीस लक्ष लागते. जुन्या गाडीचेही तसेच आहे. तिच्या चाकांवरील कमानी आणि दारांखालची पोकळ पट्टी आतून गंजलेली असते, आणि वरचा रंग मात्र चकचकीत असतो. या गाड्यांतील एका अडीच लिटरच्या डिझेल यंत्रात झडपांची उघडझाप रबरी पट्ट्याच्या योगाने होते. त्याच्या शेजारी यंत्राची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा दुसरा एक लहान पट्टा असतो. हा लहान पट्टा तुटून मोठ्या पट्ट्यात अडकला, की झडपांची वेळ चुकते, त्यांवर दट्टे आदळतात आणि चालते यंत्र क्षणात निकामी होते. जो मनुष्य गाडी घेतल्याबरोबर प्रथम हे पट्टे बदलतो, आणि जो प्रथम गादीचे कापड निवडावयास निघतो, त्या दोघांचा खर्च कदाचित् सारखाच होईल. परंतु काटकसरी म्हणावयाचा तो पहिला. तात्पर्य, काटकसर म्हणजे कमी खर्च नव्हे. खर्च कोठे करावा याचे ज्ञान, हे तिचे पहिले अंग होय.

दुसरे अंग गाडी स्वतःच शिकविते, आणि ते शिकविण्यात ती मोठी कठोर आहे. घराला पाया असतो, गाडीला चाके असतात. घरात आणलेली वस्तू जागेवर पडून राहते, गाडीत आणलेली वस्तू प्रत्येक चढावर वाहून न्यावी लागते. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा एक पूर्ण तक्ता सुमारे अठरा-वीस किलो भरतो. असे चार तक्ते वापरले की एका मोठ्या माणसाइतके ओझे केवळ कपाटांचेच झाले. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी पंचवीस-तीस किलोंची असते. तिच्यात हिशेबाने बाराशे वॉट-तास वीज मावते खरी. पण तिचे आयुष्य राखावयाचे तर त्यांपैकी निम्मीच वापरता येते. म्हणजे सहाशे वॉट-तासांत दिवे, पंखा आणि लहानसे शीतकपाट बसले पाहिजे. अशा ठिकाणी 'मला काय हवे?' हा प्रश्न फार वेळ टिकत नाही; त्याची जागा 'कशावाचून माझे अडेल?' हा प्रश्न घेतो. जे कार्य आपले नीतिशास्त्र अपरिग्रहाचा उपदेश करून शतकानुशतके साधू पाहत आले, ते कार्य या लोखंडी पेटीच्या सहा-सात हात लांबीने काही दिवसांत साधावे, हे पाहून उपदेशकांनी विषाद मानू नये. उपदेशास पळवाटा असतात. वजनास त्या नसतात.

येथपर्यंत काटकसरीचा विजयच विजय आहे. परंतु येथून पुढे वाट वळते.

अशा गाडीत चूल पेटते, आणि थंडीच्या देशात शेगडीही पेटते. बंद जागेत ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसास तो जागे करीत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो वर निघून न जाता तळाशी साचतो; म्हणून सिलिंडरच्या कप्प्यास तळाशी बाहेर उघडणारे भोक असावे लागते. विजेचेही तसेच आहे. घरातील दोनशे तीस व्होल्टच्या मानाने बारा व्होल्टवर तितकेच काम करावयास एकोणीस पट प्रवाह लागतो. तार बारीक घातली तर ती तापते, आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर लाकूड, लोकर व गादी यांच्या मध्यभागी ठिणगी पडावयास उशीर लागत नाही. वायूची सूचना देणारे यंत्र, जाड तार, फ्यूज, छतावरचा झरोका, या वस्तू दिसावयास सुंदर नसतात आणि त्यांवाचून गाडी तितकीच झोकात चालते. त्यामुळे हात आखडावयाची वेळ आली की कात्री प्रथम त्यांच्यावरच चालते.

आता या दोन कात्रींची तुलना करू. कपाट कमी केले, तर त्याची गैरसोय कपाट कमी करणाऱ्यास होते. फ्यूज कमी केला, तर त्याचा धोका मागे निजलेल्या पत्नीस, मुलास किंवा मित्रास होतो. त्यांस तो धोका ठाऊकही नसतो, आणि वाचलेल्या पैशाचा हिशेब ज्या वहीत लिहिला जातो त्या वहीत त्यांचे नाव नसते. दोन्ही ठिकाणी वाचलेली रक्कम कदाचित् एकच असेल; तरीही पहिल्या कृत्यास आपण संयम म्हणू आणि दुसऱ्यास हलगर्जीपणाच म्हणू. कृपण आणि काटकसरी यांतला जो भेद आपण शोधीत होतो, त्याचा माग आम्हांस येथे लागतो. कात्री किती कापते हे पाहून भागत नाही. ती कोणाच्या वस्त्रावर चालते हे पाहिले पाहिजे.

हीच गोष्ट गाडीच्या दाराबाहेर अधिक स्पष्ट होते. स्वतःची मोरी, पाण्याचा साठा व शौचाची सोय गाडीत करण्यास जागा लागते, पैसा लागतो आणि साफसफाईचा कंटाळाही लागतो. त्या सर्वांची बचत करण्याचा सोपा उपाय म्हणजे नदीकाठ व झुडपे यांचा उपयोग करणे. ज्यांनी हा उपाय केला त्यांच्या सहली स्वस्तात झाल्या. फक्त त्यांचे बिल त्या गावच्या लोकांनी भरले. मावरी लोकांच्या आचारात अन्न आणि देहाचा मळ यांची गल्लत होऊ न देण्यास फार महत्त्व आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना जाणणाऱ्या आपल्या वाचकांस त्यांची व्यथा निराळी समजावून देण्याचे कारण नाही. न्यूझीलंडने २०११ मध्ये अशा मुक्कामांविषयी कायदा केला आणि २०२३ मध्ये तो अधिक कडक केला. गाडीस 'स्वयंपूर्ण' असा दाखला हवा असेल, तर दर माणशी रोज चार लिटरप्रमाणे तीन दिवसांचे पाणी, तितकेच सांडपाणी साठविण्याची सोय आणि पक्के बसविलेले शौचपात्र तिच्यात असले पाहिजे. इतकेच नव्हे, तर पलंग पसरलेला असतानाही ते आतल्या आत वापरता आले पाहिजे. पूर्वी सुटे, उचलून ठेवण्याजोगे पात्र चालत असे. परंतु असली पात्रे दाखल्यापुरती विकत घेऊन ती गुंडाळलेलीच ठेवणारे लोक निघाले, तेव्हा कायद्यास इतक्या बारकाव्यात शिरावे लागले. 'स्वयंपूर्ण' हा शब्द येथे फार अर्थपूर्ण आहे. स्वयंपूर्ण म्हणजे ज्याला काही लागत नाही असा नव्हे. आपल्यास जे लागते व आपल्यापासून जे निघते, त्याचा भार जो दुसऱ्यावर टाकीत नाही तो स्वयंपूर्ण.

चारही चाकांच्या शक्तीविषयीही एक शब्द लिहिणे प्राप्त आहे. जेथे साधी गाडी रुतते तेथे ही जाते, म्हणून तर तिची निवड होते. परंतु जेथे जाता येते तेथे जाण्याचा हक्कही आपोआप मिळतो, असे मानणे ही चूक होय. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटातील रुंद, गोट्यांनी भरलेली नदीपात्रे प्रथमदर्शनी ओसाड भासतात. पण कोठे कोठे त्याच गोट्यांत पक्षी आपली अंडी उघड्यावर घालतात, आणि अंड्यांचा रंग गोट्यांसारखाच असतो. तेथून चाक गेले तर चालविणाऱ्यास धक्कादेखील जाणवत नाही. लांबचा वळसा टाळून तेल वाचविल्याचे समाधान त्यास होईल. वाचलेल्या तेलाची किंमत कोणी दिली हे त्यास कधीच कळणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. कोणी म्हणेल, 'हे सारे नियम सुखवस्तू लोकांस शोभतात. ज्याच्याजवळ थोडा पैसा आहे त्याने डोंगर व समुद्र पाहूच नयेत काय? पक्के शौचपात्र, जाड तारा, दाखले यांचा खर्च वाढवीत नेला की फिरते घर ही पुन्हा श्रीमंतांचीच चैन होईल. आणि नीतीच्या नावाखाली गरिबास घरी बसविले जाईल.' या आक्षेपातील दुःख खरे आहे. नियम करणाऱ्यांस ते पुष्कळदा दिसत नाही, आणि जेथे साध्या उपायाने काम भागते तेथे महागडा उपाय सक्तीचा करणे अन्यायाचे आहे, हेही आम्ही मान्य करतो. परंतु हौसेच्या प्रवासापुरते पाहिले, तर 'मला परवडत नाही' या कारणाने आपला भार दुसऱ्याच्या दारात टाकण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही. ज्यास मोठी गाडी परवडत नाही त्याने लहान घ्यावी, दहा दिवस परवडत नाहीत त्याने चार दिवस जावे, गावच्या सार्वजनिक शौचालयाजवळ मुक्काम करावा. ही खरी काटकसर होय, कारण यात कापले जाते ते आपलेच.

मात्र जेथे हौस नाही, तेथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. भाड्याचे घर परवडत नाही म्हणून गाडीत निजणारी माणसे न्यूझीलंडात आहेत, अमेरिकेत आहेत, आणि श्रीमंत म्हणविणाऱ्या इतर देशांतही आहेत. त्यांची गाडी तीच, पलंग तोच. पण तिला फिरते घर म्हणणे ही क्रूर थट्टा आहे, कारण तिच्यामागे परत जावयास दुसरे घर नाही. २०२३ च्या न्यूझीलंडच्या दुरुस्तीत एक गोष्ट आम्हांस विशेष आदरणीय वाटते. ज्या रहिवाशांस योग्य घर मिळू शकत नाही म्हणून गाडीत अथवा तंबूत राहावे लागते, त्यांस तिने हौशी मुक्कामाच्या व्याख्येतूनच वगळले आहे. म्हणजे कायद्याने केवळ गाडी पाहिली नाही. तीत निजणारा स्वेच्छेने निजला आहे की निरुपायाने, हेही विचारले. आपल्या देशात याच्या उलट उदाहरण घडले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने, कित्येक जमातींची माणसे भटकी आहेत म्हणून त्यांस जन्मतःच संशयित ठरविले. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांस वसाहतींत कुंपणाआड राहावे लागले, आणि १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत त्यांचा तो कलंक सरकारी दप्तरातून पुसला गेला नाही. आजही दरसाल बीडसारख्या जिल्ह्यांतून लक्षावधी ऊसतोड कामगार संसार गाडीवर घालून निघतात आणि हंगामभर उसाच्या पाचटाच्या कोपींत राहतात. त्यांच्या अपुऱ्या भांड्यांस साधेपणा म्हणून गौरविण्याचे धाडस कोणी करू नये. काटकसर हा स्वातंत्र्याचा गुण आहे. जेथे निवड नाही तेथे तो शब्द लागू पडत नाही. तेथे 'टंचाई' हाच शब्द खरा.

साध्या राहणीचा जगप्रसिद्ध पुरस्कर्ता थोरो यानेही या प्रश्नास नकळत स्पर्श केला आहे. १८४५ मध्ये अमेरिकेतील वॉल्डन तळ्याकाठी त्याने स्वतःच्या हाताने जी खोपी बांधली, तिचा एकूण खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट झाला, असा बारीक हिशेब त्याने १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिला आहे. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. फळ्यांसाठी त्याने रेल्वेवरील एका आयरिश मजुराची राहती झोपडी सव्वाचार डॉलरांस विकत घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुटुंब आपला जवळजवळ सारा संसार एका मोठ्या गाठोड्यात घेऊन वाटेने जाताना त्यास भेटले. व्यवहार उघड झाला, ठरलेली किंमत दिली गेली. यात थोरोस दोष देण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. उलट, ते कुटुंब त्याने ग्रंथातून वगळले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणाच होय. परंतु फळ्यांना हिशेबात रकाना आहे, गाठोड्यास नाही, एवढे मात्र वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

मग कोणी निराश होऊन विचारील, 'प्रत्येक स्वस्त वस्तूमागे कोणी ना कोणी किंमत देतच असतो. तेव्हा निर्दोष काटकसर अशी काही असूच शकत नाही काय?' पूर्ण निर्दोष अशी कदाचित् नसेल. जुनी गाडी स्वस्त मिळते ती तरी दुसऱ्याने नवी घेऊन पहिली झीज सोसली म्हणूनच. परंतु त्याने ती राजीखुशीने सोसली व तिचा उपभोगही घेतला. झोपलेल्या मुलाची, नदीकाठच्या गावाची, किंवा गोट्यांतल्या अंड्यांची संमती कोणी घेतलेली नसते. सर्व भार आपणच उचलणे मनुष्यास शक्य नाही. पण आपण कमी केलेला भार कोणाच्या खांद्यावर गेला हे पाहणे, त्याने तो जाणूनबुजून घेतला की नाही हे विचारणे, आणि घेतला नसेल तर तो परत आपल्या खांद्यावर घेणे, एवढे शक्य आहे.

ही कसोटी केवळ मोटारगाडीपुरती नाही. घरात काटकसर करावयाचे ठरते तेव्हा यजमानाचे वर्तमानपत्र बंद होते, की गृहिणीचे दूध? मोलकरणीच्या पगारात दहा रुपये घासाघीस करून मुलाच्या वाढदिवशी ते दहापट खर्च होतात काय? दुकानदारास उधार ठेवून आपल्या हातातील रोख शिल्लक वाढविण्यास आपण चतुराई म्हणतो काय? हे प्रश्न अवघड नाहीत. ते विचारावयाची सवय आपणांस नाही, इतकेच. न्यूझीलंडात जुन्या गाडीत फळ्या ठोकणाऱ्या हौशी माणसास ते निदान एकदा विचारावे लागतात, कारण त्याची जागा लहान आहे, गाडीची वजनाची मर्यादा ठरलेली आहे आणि दाखला देणारा अधिकारी आत डोकावून पाहतो. आपल्या घरांत डोकावून पाहणारा असा अधिकारी कोणी नाही. तेव्हा महिन्याच्या खर्चाची वही मिटण्यापूर्वी, वाचलेल्या रकमेसमोर ती कोणाच्या वाट्यातून वाचली त्याचे नाव आपणच लिहिले पाहिजे. आणि ते नाव आपले स्वतःचे असेल तेवढ्याच रकमेविषयी समाधान मानावे.